एन., वय सव्वीस, मिल कामगार

नवागाम, सुरत
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

जयभीम.

तुझा पत्ता वत्सलाआत्याने दिला. नवा नंबर मात्र दिला नाही. "सुरतेत कुणालाच द्यायचा नाही असं त्यानं सांगितलंय, माझ्या हातात नाही बाई," म्हणाली. म्हणून कागद घेऊन बसले. दहावीच्या पेपरनंतर पत्र असं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुकलं तर हसू नको.

घरी सगळे बरे आहेत. आईकडे टिकल्या लावायला साड्यांचा नवा गठ्ठा आलाय. खाली मान घालून घालून तिची मान धरते, तरी गठ्ठा संपल्याशिवाय उठत नाही. बाबा लूम्सवरून आले की चप्पल काढता काढताच विचारतात, "पोऱ्याना फोन उना का?" मी म्हणते, नाही आला. मग ते हातपाय धुवायला जातात. रोज हेच.

तू का गेलास ते त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. सुरतेची हवा मानवत नाही, एवढंच बोलून तू नंदुरबारची गाडी पकडलीस. सव्वीस वर्षं मानवली आणि एका आठवड्यात मानवेनाशी झाली, हे बाबांना कसं पटेल?

तू रागावला आहेस. पण माझी बाजूही ऐक. कॉलेजात मानसिक आरोग्य दिनाचं प्रदर्शन होतं, आणि आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला एका माणसाचा अभ्यास करून पोस्टर लावायचं होतं. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. पहिला नंबर आल्याचं बाबांना कुणाकडून तरी कळलं आणि ते तुला घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट घालून! मी जरीवाला मॅडमशी बोलत होते. वळून बघते तर तुम्ही दोघं माझ्याच पोस्टरसमोर उभे.

पोस्टर गुजरातीत होतं. बाबांना तीस वर्षं सुरतेत राहून गुजराती अक्षरं लागत नाहीत. त्यांनी तुला विचारलं, "काय लिखेल शे रे?" तू वरपासून खालपर्यंत सगळं वाचलंस. मिलमधली आग, गोदामाचं पडलेलं शटर, आतला धूर, ती वीस मिनिटं. त्यानंतर बंद दारापाशी तुझ्या हातापायांना सुटणारं कापरं. लिफ्टमध्ये पाय न टाकणं. मिलची नोकरी मास्टरशी भांडण झालं म्हणून नाही तर या भीतीने सोडली, हेसुद्धा. सगळं वाचून तू बाबांना म्हणालास, "कुणाच्या तरी आजारपणाचं लिहिलंय. चांगलं लिहिलंय." बाबांनी पोस्टरवरून हात फिरवला. मग तू माझ्याकडे बघून "येतो" म्हणालास आणि निघालास.

पण दादा, मी तुझं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त 'एन., वय २६, मिल कामगार' इतकंच. नवागामात असे शंभर असतील. आमच्या शिक्षणात हे असंच असतं, खऱ्या माणसांवरूनच शिकतात. कुणालाही कळलेलं नाही. मग एवढं घर सोडून जाण्यासारखं काय झालं?

फोन कर. आत्याच्या फोनवरून केलास तरी चालेल.

तुझी
विशाखा


नवागाम
२८ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्र पोचलं, असं आत्या म्हणाली. तू ते वाचून घडी घालून पाकिटात परत ठेवलंस, हेही तिनेच सांगितलं. फाडलं नाहीस, तेवढ्यावर हे दुसरं लिहितेय.

मागच्या पत्रात मी बराच शहाणपणा केला. या आठवड्यात वर्गात एक गोष्ट झाली आणि तो शहाणपणा सगळा उतरला.

जरीवाला मॅडमनी आम्हाला एकेक छापील कागद दिला. तीन वर्षं मानसशास्त्र शिकून विद्यार्थ्याला शेवटी काय काय आलं पाहिजे, त्याची ती यादी होती. कॉलेजात त्याला 'लर्निंग आउटकम' म्हणतात. विषयाचं ज्ञान हवं. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. माणसांशी वागताना नीतीने वागायचं. बोलता-लिहिता आलं पाहिजे, आणि पुढच्या कामाची तयारी हवी. प्रत्येक ओळीपुढे स्वतःला पाचपैकी मार्क द्यायचे आणि का दिले ते दोन ओळींत लिहायचं. मॅडम म्हणाल्या, "हा कागद मी तपासणार नाही. तुम्हीच तुम्हाला तपासा."

नीतीच्या ओळीपुढे मी पाच लिहिले. दोन ओळीही लिहिल्या : "केस स्टडी करताना व्यक्तीचं नाव गुप्त ठेवलं. तिची लेखी संमती घेतली."

लिहिलं आणि पेन हातातच राहिलं. कारण संमती मी घेतलीच नव्हती.

तुला हे माहीत नाही, म्हणून सांगते. ज्याचा अभ्यास करायचा त्याला आधी सगळं समजावून सांगायचं असतं. कशासाठी विचारतोय, कुठे लिहिणार, कोण वाचणार. त्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क असतो. मग त्याची सही घ्यायची. त्या फॉर्मवर तुझी सही मी केली, दादा. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीच्या पावतीवर तू सही केली होतीस. ती समोर ठेवून तीन वेळा गिरवली आणि चौथ्यांदा फॉर्मवर केली.

आणि हे एवढंच नाही. मार्चमध्ये गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तू मला पहिल्यांदा आगीचं सांगितलंस. मी गप्प बसून ऐकलं. ते खरं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात कॉलेज नव्हतं. पण जुलैत केस शोधायची वेळ आली, वर्गातल्या मुली आपापली माणसं ठरवून मोकळ्या झाल्या, आणि मला एकही सापडेना. मग मी तुझ्याजवळ येऊन परत त्याच विषयावर बोलायला लागले. झोप कशी लागते, छातीत काय होतं, कधीपासून होतं. ते प्रश्न माझे नव्हते, छापील तक्त्यातले होते. मी पाठ करून आले होते. तू मध्येच विचारलंस, "हे सगळं कशाला विचारतेस गं?" मी म्हणाले, "काळजी वाटते म्हणून."

मग खाली जाऊन, विसरायच्या आत, वहीत उतरवून काढलं.

काळजी वाटत नव्हती असं नाही. पण तेव्हा मी काळजीने विचारत नव्हते.

तो कागद अजून माझ्या दप्तरात आहे. कुणाला दाखवलेला नाही.

विशाखा


नवागाम
१४ डिसेंबर २०२५

दादा,

मॅडमना सांगितलं.

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नसताना गेले. मॅडम डबा खात होत्या. मला बसायला सांगितलं, ठेपला पुढे केला. मी घेतला नाही. उभ्यानेच सांगून टाकलं की ती केस माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि सही मी केलीय.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचं बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी असतं. मी मराठीत लिहिते.

"तुझ्या भावाला कधी कळलं?"

"प्रदर्शनात. त्याने स्वतः वाचलं."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"हो. बाबा शेजारी होते. त्यांना त्याने कळू दिलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "मी त्या पोस्टरपाशी उभी राहून दहा लोकांना सांगितलं होतं, बघा, काम असं करायचं असतं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून माझी फाइल काढली, फॉर्म बघितला, आणि म्हणाल्या, "वयाच्या रकान्यात सव्वीस आहे, पत्ता तुझा आहे, आडनाव तुझं आहे. मी हे वाचलं असतं तर मला तेव्हाच दिसलं असतं. फॉर्म आहे ना, एवढंच मी बघितलं. ही माझी चूक आहे, आणि ती मी विभागात लेखी देणार आहे. पण सही तू केलीस, विशाखा. ती तुझीच."

मी म्हणाले, "मॅडम, मी पोस्टरवर नाव लिहिलं नव्हतं."

"नाव कुणापासून लपवायचं होतं? लोकांपासून. त्याच्यापासून काय लपवलंस ते सांग."



मग जे व्हायचं ते झालं. बक्षीस परत घेतलं. पोस्टरचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवरून काढायला लावले. केस स्टडीचे मार्क शून्य. तो पेपर पुढच्या वर्षी त्याच सत्रात परत करावा लागणार, म्हणजे माझी पदवी एक वर्ष लांबली आणि एम.ए.चा प्रवेशही. वर्गात मॅडमनी माझं नाव न घेता संमती म्हणजे काय यावर एक पूर्ण तास घेतला. पण मुलींना कळलंच. कुणी माझ्या बाकावर बसेना असं झालं नाही, उलट सगळ्या जास्तच गोड बोलायला लागल्या. ते फार अंगावर येतं, दादा. आपल्याबद्दल लोकांना सगळं ठाऊक आहे आणि ते तोंडावर काही बोलत नाहीत. मला तर हे आठवडाभरच झालं, तेही माझ्याच करणीने.

फाइलवर हक्क तुझा आहे, असं मॅडमचं म्हणणं. कॉलेजात आता तिची प्रत नाही. मूळ कागद या पत्रासोबत पाठवतेय. जाळायचे असतील तर जाळ.

त्या दिवशी स्टाफरूममधून निघताना मी विचारलं, "मॅडम, मी या विषयाला लायक नाही का?"

त्या म्हणाल्या, "ते मला आज नाही सांगता येणार. पुढच्या वर्षी ये. काम कर. मग बघू."

विशाखा


नवागाम
४ जानेवारी २०२६

दादा,

बाबांना सांगितलं. तुझं गुपित होतं, मी ते दुसऱ्यांदा फोडलं, हे मला कळतं. पण ते आता स्वतःलाच दोष द्यायला लागले होते. "मीच त्याला मिल सोडली म्हणून टाकून बोललो, म्हणून गेला पोरगा," असं आईला म्हणताना मी ऐकलं. मला राहवलं नाही. चुकलं असेल तर हेही तुझ्यापुढे मांडून ठेवते.

मागच्या रविवारी आई विहारात गेली होती. बाबा दाढी करत होते. मी म्हणाले, "बाबा, ते पोस्टर दादाचं होतं." त्यांना आधी कळलंच नाही. मग मी आगीपासून सगळं सांगितलं. गोदामाचं, शटरचं, तुझ्या कापऱ्याचं. ते अर्ध्या दाढीने ऐकत बसले. साबण गालावर वाळून गेला.

शेवटी म्हणाले, "अन् हाई कधीपासून होतं, ते काय लिखं तू?"

मी म्हणाले, "आगीपासून. लहानपणी काही नव्हतं असं लिहिलंय."

"कोनले इचारं?"

कुणालाच विचारलं नव्हतं. तक्त्यात बालपणाचा रकाना होता. तुला त्यातलं एकदाच विचारलं तेव्हा तू "काही नाही" म्हणालास, आणि मी 'विशेष काही नाही' असं लिहून पुढे गेले.

मग बाबांनी सांगितलं. तू सात वर्षांचा आणि मी दोन वर्षांची. आपण तेव्हा रेल्वे फाटकाजवळच्या खोलीत राहायचो. बाबा लूमवर, आई बॉबिन भरायला, दोघंही दिवसपाळीला. खोलीसमोर टेम्पोंचा रस्ता, आणि त्याच गल्लीतलं एक पोर टेम्पोखाली आलेलं. म्हणून तू सकाळची शाळा करून आलास की शेजारच्या मालतीबाई मला तुझ्या हवाली करायच्या आणि बाहेरून कुलूप लावायच्या. संध्याकाळी आई येईपर्यंत. असं दीड वर्ष. एकदा मालतीबाईंना गावाहून निरोप आला आणि त्या किल्ली कमरेला तशीच घेऊन गाडीत बसल्या. बाबा आले तेव्हा अंधार पडायला आला होता. त्यांनी दगडाने कोयंडा तोडला. तू दाराला चिकटून उभा होतास आणि तुझा आवाज पार बसलेला होता. मी मागे गोधडीवर खेळत होते, असं बाबा म्हणाले.

"दुसरे दिन परत कुलूप लावं," बाबा म्हणाले. "काय करतो मी? काम सोडतो का?"

दादा, भीतीचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. एवढ्या तेवढ्यावरून एक कारण धरून मोकळं व्हायचं नसतं, निदान एवढं तरी मी शिकलेय. पण मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्या खोलीत होते आणि मला ठाऊक नव्हतं. पहिला नंबर मिळवून देणारी केस म्हणून मी तुझ्यावर लिहिलं, आणि ती केस धड खरीही नव्हती. तू "काही नाही" का म्हणालास ते आता कळतं. बाबांवर बोल येऊ नये म्हणून.

बाबा पुढच्या मंगळवारच्या गाडीने नंदुरबारला येतायत. एकटेच. मी येऊ का विचारलं तर म्हणाले, "तू नको. मनं मले बोलू दे."

तू त्यांना भेटशील ना? मला भेटू नको हवं तर.

विशाखा


नंदुरबार
२५ जानेवारी २०२६

विशाखा,

जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी चारही पत्रं आली. उत्तर द्यायला वेळ लागला कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं. अजूनही सगळं सुचलेलं नाही.

मी इथे मिरचीच्या पथारीवर काम करतो. पथारी म्हणजे मोठं मोकळं मैदान, त्यावर लाल मिरची वाळत घालतात आणि फावड्याने उलटीपालटी करतात. भिंत नाही, छप्पर नाही, शटर तर नाहीच. पहिला आठवडा शिंकून शिंकून मेलो. आता काही वाटत नाही.

बाबा आले ते थेट पथारीवरच. आत्याकडे पिशवीसुद्धा ठेवली नाही. उभे राहून शिंकायला लागले, डोळ्यांतून पाणी. त्यात मिरचीचं किती आणि दुसरं किती मला कळलं नाही. मुकादमाला वाटलं बापाला दम लागला, त्याने पाणी दिलं. बाबा पाणी पिऊन मला म्हणाले, "ते कुलूप मी लावाले नको व्हतं." एवढंच. मी म्हणालो, बाबा, कुलूप नसतं तर ही पोरगी टेम्पोखाली गेली असती, एक मिनिट जागेवर बसायची नाही. मग ते हसले. दोन दिवस राहिले. फावडं घेऊन माझ्या बरोबरीने मिरची उलटत होते.

आता तुझं. पोस्टरचा मला राग आला, पण तो दोन-चार आठवड्यांत गेला असता. सहीचाही आला, जास्त आला. पण खरं सांगू का? तू 'काळजी वाटते म्हणून' म्हणालीस ना, त्यावर मी विश्वास ठेवला होता. घरात कुणीतरी विचारलं म्हणून मला चार दिवस बरं वाटत होतं. पोस्टर वाचताना ते चार दिवस गेले. त्यानंतर आत्यानेही जेवलास का विचारलं तरी मला वाटायचं, ही कशासाठी विचारते? ते अजून पूर्ण गेलेलं नाही. जाईल. पण तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

मॅडमना तू स्वतःहून सांगितलंस, हे मी दोनदा वाचलं.

खोलीबद्दल बाबांनी तुला सगळं सांगितलं नाही, कारण त्यांना ठाऊक नाही. तू रडू नयेस म्हणून मी तुला सांगायचो की कुलूप आपणच लावलंय, बाहेरच्या लोकांनी आत येऊ नये म्हणून. तुला ते फार आवडायचं. कुणी दारावरून गेलं की तू ओरडायचीस, "नाही उघडणार!" त्या दिवशी मी दार ठोकून ठोकून ओरडत होतो तेव्हाही तू मागून हसून तेच ओरडत होतीस. त्यामुळे तुला आठवत नाही यात तुझी काही चूक नाही. तुला आठवू नये अशीच माझी खटपट होती.

मागच्या गुरुवारी मी इथल्या सरकारी दवाखान्यात गेलो. आत्या सोबत होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार लावलेलं असतं. मी दारातच थांबलो आणि म्हणालो, दार उघडं राहिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल की. खुर्ची दाराजवळ सरकवून दिली. गोळ्या दिल्यात, आणि दर गुरुवारी बोलायला बोलावलंय. त्यांनीही आधी सांगितलं, मी लिहून घेते, चालेल ना? मी हो म्हणालो. विचारलं की हो म्हणायला काही जड नसतं गं.

तू पाठवलेले कागद मी जाळले नाहीत. कुणाला दाखवलेही नाहीत. आत्याच्या ट्रंकेत आहेत.

सुरतेला कधी येईन ते सांगत नाही. पथारीचं काम मार्चपर्यंत आहे. पण पाकिटाच्या मागे माझा नंबर लिहिलाय. रविवारी दुपारी मी मोकळा असतो. तू फोन कर, मात्र पहिले थोडे दिवस प्रश्न मी विचारणार आणि तू उत्तरं द्यायची.

पहिला प्रश्न आत्ताच विचारून ठेवतो. तू मॅडमना, बाबांना, मला, सगळ्यांना खरं सांगितलंस. वर्ष वाया गेल्याचं आईला सांगितलंस का?

तुझा दादा,
नरेंद्र